नव्वद चकत्या आणि एक पांढरं पातळ

आमचे मास्तर, म्हणजे गिदोन पठारे, माझे यजमान, जन्मात कधी पत्त्यांना शिवले नाहीत की तंबाखूला शिवले नाहीत, आणि तरी अख्खं गाव त्यांना आकडेमास्तर म्हणायचं. नवा पाहुणा ते नाव ऐकून चपापायचा. मिशनच्या शाळेचा हेडमास्तर, रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन करणारा माणूस, आणि आकडे लावतो? तर हो, लावायचे. कशापायी ते सांगते. फक्त मधे बोलू नका, मला मधे बोललेलं खपत नाही.

गोष्ट सेहेचाळीस सालची. लढाई संपली होती, पण कापड कुठं होतं? सगळं कंट्रोलवर. सोनईपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात घरं नव्वद, आणि तालुक्याहून गठ्ठा आला की त्यात लुगडी यायची वीस. पहिल्या खेपेला दुकानापुढं अशी झोंबाझोंबी झाली की एका बाईचं अंगावरचं लुगडं फाटलं, आणि नवं मिळालं नाही ते वेगळंच. मग पंचांनी ठरवलं, चिठ्ठीवर वाटायचं. सुताराने नव्वद लाकडी चकत्या करून दिल्या, एक ते नव्वद आकडे तापल्या सळईने डागलेल्या.

रीत अशी. दवंडी झाली की सकाळी कंट्रोलच्या दुकानापुढं रांग लावायची. आपली पाळी आली की हवा तो आकडा मागायचा, आणि दुकानदार बन्सीशेठ तो आपल्या नावापुढं लिहून घ्यायचे. एकाने घेतलेला आकडा दुसऱ्याला नाही. सगळ्यांचे लिहून झाले की चकत्या तांब्याच्या घागरीत टाकायच्या आणि राहीबाईने त्यातून एकेक काढायची. राहीबाई गावात सगळ्यांत म्हातारी, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, त्यामुळं तिच्यावर कुणाचा संशय नाही. पहिला आकडा जिचा, तिने पहिलं लुगडं निवडायचं. दुसरीने उरलेल्यांतलं. वीस झाली की बाकी सत्तर घरांनी हात हलवत घरी जायचं. आणि एकदा मिळालं की त्या घराने पुढच्या चार खेपा रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं.

आता मास्तरांना मोजायची खोड. ही खोड लग्नाआधी मला कुणी सांगितली नाही, नाहीतर मी विचार केला असता. चर्चच्या भिंतीतल्या विटा त्यांनी मोजलेल्या. पाळकसाहेबांच्या एका उपदेशात 'प्रियजनहो' एकेचाळीस वेळा आलं, हे त्यांनी दारातच हात मिळवताना पाळकसाहेबांना सांगितलं, आणि महिनाभर पाळकसाहेब आमच्याकडे चहाला आले नाहीत. असा माणूस चिठ्ठीच्या जागी नुसता उभा राहील होय? पहिल्या खेपेपासून ते वही घेऊन उभे. राहीबाईच्या हातातली चकती बघायची, आकडा लिहायचा. विसावा आकडा निघाला की वही मिटून तडक घरी. बायकांनी काय नेलं, कोण रुसलं, कोण भांडलं, ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

शाळेतला जगाचा एक नकाशा वाळवीने खाल्ला होता. तो त्यांनी घरी आणला, पाठीमागच्या बाजूवर नव्वद चौकोन आखले आणि आमच्या एकुलत्या एक खोलीत टांगला. जो आकडा निघेल त्या चौकोनात खळीने एक चिंचोका चिकटवायचा. मी म्हटलं, "अहो, माणसं भिंतीवर येशूचं चित्र लावतात, आपल्याकडं चिंचोके." ते म्हणाले, "अगं, हे नुसते चिंचोके नाहीत, हा अभ्यास आहे." तेरा खेपांचे दोनशे साठ चिंचोके. रात्री उंदीर ते कुरतडायचे आणि सकाळी मास्तर वही बघून पुन्हा चिकटवायचे.

नाताळनंतर मात्र ह्या अभ्यासाला गरज येऊन चिकटली. आमच्या कृपाचं लग्न ठरलं. मुलगा श्रीरामपूरचा, जॉर्ज, रेल्वेत नोकरीला. ईस्टरनंतरच्या आठवड्यातली तारीख, कारण त्यानंतर त्याची बदली होती लांब, आणि वर्षभर रजा नाही. सगळं जमलं, आणि जानेवारीत पातळ फाटलं.

पातळ म्हणजे कुठलं ते सांगते. आमच्यात नवरी पांढरं नेसते. आता लढाईच्या दिवसांत पांढरं तलम पातळ आणणार कुठून? म्हणून आमच्या मंडळीत एकच पातळ फिरायचं. आठ नवऱ्या त्या एका पातळात वेदीपुढं उभ्या राहिल्या होत्या. एक उंच, एक ठेंगणी, एक तर चांगली भरलेली, सगळ्यांना त्याने सांभाळून घेतलं. नवव्या नवरीने गुडघे टेकले आणि ते मागून टर्रकन गेलं. नवरदेवाने आपला कोट काढून तिच्या पाठीवर टाकला, पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना लांबवली, आणि मी पुढच्या बाकावर बसून रडत होते. लोकांना वाटलं, आनंदाने. कसला आनंद? मला माझी कृपा दिसत होती.

जॉर्जच्या आईचा निरोप आला, पांढरं पातळ नसेल तर लग्न पुढच्या वर्षी करू. कृपा नकाशापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ह्यातून मला पातळ काढून द्या."

झालं. मास्तरांच्या अंगात संचारलं. शाळा सुटली की ते नकाशापुढं. आणि एका संध्याकाळी ते इतक्या मोठ्याने ओरडले की मला वाटलं विंचू चावला. म्हणाले, "हन्ना, सत्तरच्या पुढं बघ." मी बघितलं. वरच्या चौकोनांत चिंचोके विरळ, आणि सत्तर ते नव्वदच्या चौकोनांत नुसती दाटी. एका चौकोनात तर जागा उरली नव्हती म्हणून चिंचोके एकावर एक चढवलेले.

कारण त्यांनी दोन दिवसांत शोधलं. बन्सीशेठ माणूस मोठा शिस्तीचा. एखादी चकती हरवायला नको म्हणून ते एक, दोन, तीन असं मोजत ओळीने घागरीत टाकायचे. म्हणजे एक नंबर तळाला आणि नव्वद वर. घागरीचं तोंड अरुंद, राहीबाईचा हात जेमतेम मनगटापर्यंत जायचा. ती बिचारी दोन बोटं फिरवायची आणि वरचीच उचलायची. एवढंच. पण हे तेरा खेपांत नव्वद घरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि माझ्या नवऱ्याच्या आलं. खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा असा अभिमान वाटला की मी राहिलेला गूळ घालून शिरा केला.

आमची पाळी मात्र त्यांनी राखून ठेवली. आत्ता साधं लुगडं लागलं तर पुढच्या चार खेपा रांगेत शेवटी, म्हणजे उरलेसुरले तळाचे आकडे, आणि नेमकं तेव्हाच पांढरं आलं तर? म्हणून परीक्षा शेजारच्या बनुबाईवर. तिला अठ्ठ्याऐंशी मागायला सांगितलं. तिचा आकडा तिसरा निघाला, ती अंजिरी लुगडं घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात वांग्यांची पाटी.

इथंवर सगळं ठीक होतं. पण बनुबाईच्या पोटात काही राहील तर शपथ. आठवड्यात आमच्या घराला जत्रेची कळा आली. कुणी अंडी आणतंय, कुणी हुरडा आणतंय, कुणी कोंबडी काखेत मारून उभं. "मास्तर, मला कंचा आकडा?" आणि मास्तर कुणाला नाही म्हणतील? उलट सुटलेच. रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात फळा बाहेर काढला, घागरीचं चित्र काढलं, चकत्यांचे थर काढले आणि गावाला समजावून सांगितलं की मंडळी, खालचे आकडे मागू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदरात तोंड लपवून बसले होते. घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, सगळ्या गावाला सांगितलंत, मग आपल्याला काय उरलं?" ते म्हणाले, "अगं, ज्ञान लपवून ठेवायचं नसतं." मी म्हटलं, "ईस्टरपर्यंत ठेवायचं होतं."

पाळकसाहेब आले तेही रागातच. हा जुगार आहे म्हणाले. मास्तरांनी शांतपणे बायबल उघडलं आणि प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडलं तो अध्याय वाचून दाखवला.  मग पाळकसाहेब दोन कप चहा प्याले, आणि निघताना चपला घालता घालता खाली बघूनच म्हणाले, "आमच्या घरून विचारलंय, एक्क्याऐंशी बरा की ब्याऐंशी?"

मार्चअखेर बन्सीशेठने मला हाक मारून सांगितलं, पुढच्या गठ्ठ्याची यादी आलीय, वीस नग, त्यात एक पांढरं पातळ, मिलचं, तलम. माझे पाय जमिनीवर राहिनात. दुकानापासून घरापर्यंत मी पळत गेले, ह्या वयाची बाई, आणि वाटेत भेटेल त्याला काही न सांगता हसत गेले. मास्तर म्हणाले, पातळ एकच, म्हणजे निवडायला पहिला नंबर पाहिजे. दहावा येऊन उपयोग नाही, तोवर कुणीही ते उचलेल. आणि पहिला यायची शक्यता सगळ्यांत जास्त कुणाची, तर नव्वदची, कारण ती सगळ्यांच्या वर. मलाही ते पटलं. इतकं सुंदर पातळ, त्यावर कोण हात टाकणार नाही?

चिठ्ठीच्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत आम्ही तिघं रांगेत पहिले. मास्तरांनी नव्वद मागितला. बन्सीशेठनी लिहिला. मागच्या माणसाने एकोणनव्वद मागितला. त्याच्या मागच्याने अठ्ठ्याऐंशी. सत्तरपर्यंत आकडे असे भराभर गेले आणि मग भांडणं सुरू झाली. तळाचे आकडे कुणी घेईना. एक म्हणतोय मला चार नको, दुसरा म्हणतोय मला अकरा देऊन फसवता काय. बन्सीशेठचा चेहरा तांबडा होत चालला. शेवटी ते उठले, सगळ्या चकत्या घागरीत ओतल्या, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं, घागर आडवी केली आणि दुकानापुढच्या फुफाट्यात पायाने लोटत इकडून तिकडं, तिकडून इकडं अशी दहा फेऱ्या गडगडत नेली. मग फडकं सोडत म्हणाले, "मास्तर, आता मांडा गणित."

 कृपाने माझा हात धरला.

राहीबाईने हात घातला. पहिला आकडा, चार. मग एकतीस. मग बासष्ट, मग नऊ. नव्वदचा पत्ता नाही. लुगडी ओट्यावर मांडून ठेवलेली, आणि मधे ते पांढरं, कडेला बारीक चंदेरी रेघ. एकेक बाई ओट्यावर चढायची आणि मी डोळे मिटून घ्यायची. उघडून बघावं तर हिरवं गेलेलं. परत मिटायचे, उघडावे तर लाल काठाचं गेलेलं. छबूबाईने पांढऱ्यावरून हात फिरवला, कापड दोन बोटांत चोळून बघितलं, आणि माझा जीव खालीवर. पण तिने डाळिंबी उचललं. मी मनात म्हटलं, देवा, आंधळ्या केल्यास ह्या बायका, अशाच ठेव.

आणि आमचे मास्तर काय करत होते? लिहीत होते. डोळे चमकताहेत, वहीत रेघा ओढताहेत. बारावा आकडा निघाला तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हन्ना, बघ, सगळीकडं सारखे पसरले. वर दाटी नाही, खाली नाही. म्हणजे माझं खरंच होतं, ओळीने टाकल्यामुळंच व्हायचं." त्यांना इतका आनंद झाला होता, की मी त्यांना तिथंच घागरीत कोंबलं असतं. मी म्हटलं, "पोरीचं लग्न मोडतंय आणि तुम्ही कसले हसता?" तेव्हा त्यांनी कृपाकडं बघितलं. ती रडत नव्हती, पण हनुवटी थरथरत होती. मास्तरांच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं.

एकोणिसावा आकडा गेला. विसावा निघाला सत्तावन्न. सत्तावन्न गोजरबाईंचा. गोजरबाई म्हणजे गावातल्या मोठ्या बागायतदाराची बायको, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर चावडीत ऐकू यावी. त्या ओट्यावर चढल्या. ओट्यावर राहिलं होतं एकच, पांढरं. मी कृपाला जवळ ओढलं. संपलं, म्हटलं.

गोजरबाई त्या पातळाकडं बघत राहिल्या. मग बन्सीशेठकडं वळल्या. "ह्ये मला?"

"तेवढंच राहिलंय, गोजरबाई," बन्सीशेठ म्हणाले.

"माझा धनी जित्ता हाय. त्यो बगा पाराखाली बसलाय. पांढरं नेसून त्याच्याम्होरं जाऊ व्हय मी?"

पाराखाली बसलेल्या धन्याने, आपलं नाव कशाला निघालं म्हणून, मान वर करून हात हलवला. सगळा जमाव हसायला लागला. मी हसले नाही. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडत होता. वीस वर्षं मी ह्या बायकांच्या शेजारी नदीवर धुणं धुतलं. त्यांच्यात सवाष्ण पांढरं अंगाला लावत नाही, हे मला माहीत नव्हतं? होतं. चांगलं माहीत होतं. पण मला ते पातळ इतकं हवं होतं, की ते सगळ्यांनाच हवं असणार असं मी धरून चालले. आमच्या लेखी पांढरं म्हणजे लग्न. एकोणीस बायका माझ्या डोळ्यांदेखत ते सोडून गेल्या आणि मी देवाला म्हणतेय, आंधळ्या ठेव.

गोजरबाई ओट्यावरून खाली उतरल्या त्या ते पातळ घेऊनच. सरळ आमच्यापुढं आल्या. "मास्तरीणबाई, तुमच्यात नवरी पांढरं नेसती न्हवं?"

 मी मान हलवली. त्यांनी ते पातळ कृपाच्या हातात ठेवलं. "घे, पोरी. तुमचा नंबर लागंल तवा माझं लुगडं मला द्या."

मास्तर लगेच म्हणाले, "पण बाई, आता घागर हलवून टाकणार. लागेलच असं काही सांगता येत नाही."

"लागंल तवा लागंल," गोजरबाई म्हणाल्या. मग त्यांनी मास्तरांच्या वहीकडं बोट केलं. "मास्तर, इतक्या खेपा तुमी आकडे लिवलं. कोन काय घिऊन गेलं, त्ये लिवलं का?"

मास्तरांनी वही चाळली. पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाले, "नाही."

"पोळ्याच्या गठ्ठ्यात बी एक पांढरं आल्तं. कुनी घेतलं न्हाई. बन्सीशेठनं माघारी धाडलं तालुक्याला. तुमी हितंच उभं हुता."

 कृपा पातळात तोंड खुपसून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम, आणि मीही तसंच करत होते, आणि गोजरबाई म्हणत होत्या, अगं, डाग पाडशील.

लग्न झालं, तारखेला झालं. गोजरबाई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसल्या आणि 'आमेन' सगळ्यांच्या आधी म्हणाल्या. आमचा नंबर पुढं तिसऱ्या खेपेला लागला, त्यांनी हिरवं लुगडं नेलं. मास्तरांनी मात्र नकाशा काढून ठेवला आणि नवी वही घातली. गठ्ठा यायच्या आधी ते नव्वद घरं फिरायचे आणि प्रत्येक घरात विचारायचे, बाई, तुम्हाला कुठला रंग पाहिजे? गावातल्या पुरुषांना हे विचित्र वाटायचं, काही चिडायचेसुद्धा. पण बायका थांबून, हातातलं काम सोडून, नीट विचार करून सांगायच्या, आणि चिठ्ठी झाली की त्या वहीवरून लुगड्यांची आपापसात अदलाबदल व्हायची. त्यानंतर आमच्या गावातून एकही लुगडं माघारी गेलं नाही.

त्या वहीतलं पहिलं नाव मात्र चिठ्ठीच्याच दिवशी लिहिलं गेलं. घरी आलो, कृपा पातळ मैत्रिणींना दाखवायला गेली, आणि मास्तर कोरी वही घेऊन माझ्यापुढं पाटावर बसले. पेन्सिल हातात धरून म्हणाले, "हन्ना, तुला कुठला रंग आवडतो?"

बावीस वर्षं झाली होती आमच्या लग्नाला. मी चुलीपुढं बसले होते, भाकरी तव्यावर होती, ती करपली. मी म्हटलं, "जांभळा." आणि त्यांनी तो लिहून घेतला.